चित्रांतील नारळ

चित्रकलेच्या तासाला मुलांस "आपलें गांव काढा" असें सांगितलें, म्हणजे बहुतेक कागदांवर एकच देखावा उमटतो: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खालीं निळी नदी आणि कांठावर वांकलेला नारळ. आमच्या वाशीम जिल्ह्यांत नारळ किती आणि उन्हाळ्यांत निळी राहणारी नदी कोणती, हें त्या मुलांस ठाऊक नाहीं असें नाहीं. फुललेला पळस त्यांनीं पाहिला आहे, कपाशीचें बोंड हातांनीं उकललें आहे. परंतु चित्र काढावयाचें म्हणजे दुसऱ्या कोणी पाहिलेलें काढावयाचें, अशी त्यांची समजूत झाली आहे. निबंधाची तीच गत. वहींतील 'रम्य पहांट' मार्गदर्शिकेंतून उतरलेली असते. तींत कोकिळा गाते, पण शेजारच्या गोठ्यांतील गाय हंबरत नाहीं.

ह्यांत मुलांचा दोष फारसा नाहीं. उतरलेल्या निबंधास गुण मिळतात, हें त्यांनीं अनुभवानें जाणलें आहे. त्यांतून २०१८ सालीं वाशीमचें नांव देशांतील 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या यादींत आलें. योजनेचा हेतु चांगलाच आहे. पण मागासलेपणाचा शब्द वारंवार कानीं पडला कीं, पाहण्याजोगें जें कांहीं तें पुण्यामुंबईकडे, हा ग्रह बालमनांत घट्ट बसतो. आमच्या मतें हा ग्रह निखालस खोटा आहे.

राजशेखर नांवाचा पंडित हजारएक वर्षांपूर्वीं होऊन गेला. त्याच्या 'काव्यमीमांसा' ग्रंथांत एक कथा आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष घर सोडून निघाला. त्यास वश करण्यासाठीं गौरीनें साहित्यविद्या नांवाची वधू निर्मिली. ती देशोदेशीं त्याच्या मागून हिंडली, आणि अखेर दोघांचा विवाह झाला तो विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत. वत्सगुल्म म्हणजे आपलें वाशीम! कथा ती कथाच. परंतु एवढ्या मोठ्या विद्वानास लग्नस्थळ म्हणून हेंच गांव सुचावें, ह्यास कांहीं कारण असलेंच पाहिजे. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. १९३९ सालीं येथें सांपडलेल्या ताम्रपटामुळें ती शाखा नीट उजेडांत आली. तिचा मूळ पुरुष सर्वसेन हा स्वतः कवि. त्याचें 'हरिविजय' काव्य आज उपलब्ध नाहीं, पण दूर काश्मीरांतील आनंदवर्धनानें त्याचा उल्लेख केला आहे. विशेष हें कीं, राजा असूनही त्यानें तें संस्कृतांत न लिहितां प्राकृतांत लिहिलें, आणि आपली मराठी त्या प्राकृताच्याच वंशांतील.

आज वर्गांत एखादा मुलगा "मले माहीत हाय" म्हणाला कीं बाकीचीं मुलें हंसतात. आम्हांस तें हंसणें रुचत नाहीं. प्रमाण भाषा लिहितां आलीच पाहिजे, त्यांत तडजोड नाहीं. पण ज्या बोलींत मुलगा आईला आपलें नवल सांगतो, तिची लाज वाटूं लागली तर तो नवल सांगणेंच सोडून देतो.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस तर अक्षरओळखही नव्हती. जळगांवकडील शेतकरी घरांतील ही बाई जात्यावर बसली असतां, शेतांत राबत असतां, आपल्या खानदेशी बोलींत गाणीं रचीत गेली. मुलगा सोपानदेव व एक नातलग यांनीं त्यांपैकीं कांहीं टिपून ठेविलीं. आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें तीं तिच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, छापून निघालीं. तिचे विषय पाहावे: शेत, घरोटें, सुगरणीचा खोपा.

हा खोपा आपल्याही विहिरीवरच्या बाभळीस पावसाळ्यांत लोंबत असतो. नांव स्त्रीचें, पण विणणारा नर! अर्धा खोपा विणून तो थांबतो. मादी येऊन पाहते. पसंत पडला तर काम पुढें चालतें, न पडला तर तो तसाच अर्धवट राहतो. आम्हीं हें वर्गांत सांगितलें, त्यानंतर आठ दिवसांनीं एका मुलीनें आपल्या शेतांतील खोपे मोजून आणले: पुरे सात, अर्धवट चार. ही मुलगी वर्गांत सहसा तोंड उघडीत नसे. त्या दिवशीं तिला थांबविणें कठीण गेलें.

शेजारच्या लोणारचें पाणी २०२० च्या जून महिन्यांत गुलाबी झालें, तेव्हां वृत्तपत्रें चित्रांनीं भरून गेलीं. पाणी आटून क्षार वाढले व क्षारप्रिय सूक्ष्म जीव बळावले, असें शास्त्रज्ञांनीं शोधिलें. पण आपल्या पायांखालची भेग कोणी छापीत नाहीं. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं येथें लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्या खडकाची झीज होऊन ही काळी माती झाली. ती पावसांत फुगते, उन्हांत आकसून फाटते. वरची माती भेगांत पडते, आणि जमीन जणूं आपली आपणच नांगरली जाते. चैत्रांत भेगेंत काठी घालून खोली मोजणारा मुलगा खेळत आहे असें कोणी समजूं नये.

पालक म्हणतील, "नवलानें पोट भरतें काय?" सोयाबीनचा भाव पडलेला, कर्जाचा हप्ता डोक्यावर, अशा वेळीं "गप्प बैस" हे शब्द तोंडून निघतात, हें आम्ही जाणतों. तथापि मृगाचें आभाळ पाहून, मूठभर माती चुरून, पेरावें कीं थांबावें हें ठरविणारा बाप स्वतः काय करीत असतो? मुलास डॉक्टर करावयाचें म्हणून आपण शिकवणीस पैसे भरतां; पण रोग्याकडे नीट पाहणें हेंच वैद्याचें पहिलें काम नव्हे काय? प्रश्नाचें उत्तर ठाऊक नसेल तर "चल, बघूं" एवढें म्हटलें तरी पुरे आहे, आणि त्यास पैसा लागत नाहीं.

पुढील अंकासाठीं 'माझें गांव' ह्या विषयावर चित्रें मागविलीं आहेत. ज्यास नारळ काढावयाचा असेल, त्यानें तो आपल्या गांवांत कोठें आहे तें प्रथम दाखवावें. वाण्याच्या दुकानांतला असला तरी चालेल.