ऑफिसमधल्या सर्व्हरचं नाव बाहेर कुणी विकत घेतलं तर? गोंदियाच्या गोरेगाववरून समजून घ्या

गोंदिया जिल्ह्यात कुणी 'गोरेगावला चाललोय' म्हटलं, की सगळ्यांना तालुक्याचं गाव समजतं. तेच वाक्य मुंबईत बोललं, तर लोक लोकल ट्रेनचा प्लॅटफॉर्म दाखवतील. कॉम्प्युटरच्या नेटवर्कमध्येही असाच घोळ होतो. फरक इतकाच की तिथे 'कोणतं गोरेगाव?' असं विचारायला कुणी नसतं.

समजा, गोंदियातल्या एका राईस मिलनं आपल्या सर्व्हरला 'हिशोब डॉट राईस' नाव दिलं. हे नाव कुणाकडून घेतलेलं नाही, मिलनं स्वतःच ठरवलंय. मिलच्या आत ते बिनबोभाट चालतं. मात्र अकाउंटंटनं लॅपटॉप घरी नेला, की तोच लॅपटॉप तेच नाव बाहेरच्या इंटरनेटला विचारतो. आज उत्तर येतं, असं काही नाही. पण उद्या डॉट राईस विक्रीला आलं आणि ते नाव कुणी घेतलं, तर उत्तर त्या अनोळखी माणसाच्या सर्व्हरकडून येईल. लॅपटॉप त्यालाच आपला समजून लॉगिनची माहितीही देऊ शकतो.

हे कल्पनेतलं संकट नाही. विंडोजच्या जुन्या व्हर्जनमध्ये ऑफिस नेटवर्कसाठी 'कॉर्प' हे नाव सुचवलेलं असायचं. अनेक कंपन्यांनी ते तसंच ठेवलं. इकडे 'कॉर्प डॉट कॉम' हा खरा डोमेन एका अमेरिकी गृहस्थानं 1994 मध्येच घेऊन ठेवला होता. 2019 मध्ये त्यावर चाचणी झाली, तेव्हा पावणेचार लाखांहून जास्त कॉम्प्युटर तिथे नको ती माहिती पाठवू पाहत होते. मालकानं 17 लाख डॉलर किंमत लावली. शेवटी 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टनंच तो डोमेन विकत घेतला. दुसरं करणार तरी काय?

डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेनं धोका ओळखून डॉट कॉर्प, डॉट होम आणि डॉट मेल कुणालाच द्यायचे नाहीत, असं 2018 मध्ये ठरवलं. जुलै 2024 मध्ये डॉट इंटरनल हे नाव खासगी वापरासाठी कायमचं राखून ठेवलं. हा विषय आता महत्त्वाचा आहे, कारण 2012 नंतर पहिल्यांदाच नव्या नावांसाठी अर्जांची फेरी 2026 मध्ये ठेवली आहे. मागच्या फेरीतून बाराशेहून जास्त नावं आली होती.

मग मिलनं काय करावं? डॉट इंटरनल चालेल. पण दोन मिलचा कारभार एक झाला आणि दोन्हीकडे 'हिशोब डॉट इंटरनल' निघालं, तर पुन्हा घोळ. त्यापेक्षा स्वतःचा डोमेन घ्यावा आणि सर्व्हरचं नाव त्याच्याच पोटात ठेवावं. जिल्ह्यातल्या दोन अर्जुनींचं, म्हणजे अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनीचं, जोडनावामुळेच भागतं. फक्त डोमेनचं नूतनीकरण वेळेवर करायचं. मुदत संपली, की तोही दुसरा कुणी घेऊ शकतो.