आधी पेन्शन, मग सार्वमत

आयर्लंडमध्ये २४ नोव्हेंबर १९९५ रोजी घटस्फोटाच्या प्रश्नावर सार्वमत झाले. सोळा लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले आणि राज्यघटनेतील घटस्फोटबंदी उठली ती अवघ्या ९,११४ मतांच्या फरकाने. कॅथलिक चर्चचा विरोध होता. आपल्या मदर तेरेसांनीही आयरिश जनतेला विरोधात मत देण्याचे आवाहन केले होते. दुरुस्ती मांडणारे मंत्री मर्विन टेलर हे ज्यू, तर पंतप्रधान जॉन ब्रुटन श्रद्धावान कॅथलिक. या सरकारातील समाजकल्याणमंत्री प्रॉन्शियस डी रोसा यांच्याविषयी मात्र आपल्याकडे फारसे कोणी लिहिलेले नाही.

डी रोसा यांचा जन्म १९४० चा, डब्लिनचा. लहान वयातच ते रिपब्लिकन चळवळीत ओढले गेले आणि विशी गाठण्याआधीच करॉच्या छावणीत स्थानबद्ध झाले. १९७० मध्ये शिन फेन पक्ष फुटला, तेव्हा ते डावीकडे झुकलेल्या ‘ऑफिशियल’ गटाबरोबर राहिले. पुढे याच गटाची वर्कर्स पार्टी झाली. १९८२ मध्ये ते संसदेत गेले, १९८८ मध्ये पक्षाध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी पक्षाचे सात खासदार निवडून आले. पण जुन्या सशस्त्र गटाची सावली पक्षावरून हटत नव्हती आणि सोव्हिएत धाटणीची शिस्तही सुटत नव्हती. १९९२ च्या विशेष अधिवेशनात पक्षाची नव्याने बांधणी करण्याचा ठराव त्यांनी मांडला, तो दोन तृतीयांश मतांना थोडक्यात मुकला. सातपैकी सहा खासदार बाहेर पडले आणि डेमोक्रॅटिक लेफ्ट हा पक्ष निघाला. बंदुकीच्या राजकारणाशी नाते सांगणाऱ्या संघटनेतून उघडपणे, वाद घालून बाहेर पडायला धैर्य लागते. या माणसाने ते दाखवले, असे आम्हाला वाटते.

आता मूळ मुद्दा. घटस्फोटाचे सार्वमत १९८६ मध्येही झाले होते आणि त्या वेळी ६३ टक्क्यांहून अधिक मते विरोधात पडली होती. केवळ धर्मामुळे असे झाले, हे सोपे स्पष्टीकरण आहे. बायकांनीही विरोधात मत दिले, कारण भीती पोटाची होती. नवऱ्याने दुसरा संसार मांडला तर घराचे काय, शेतीचे काय, तो मेल्यावर विधवा-पेन्शन कोणाला? सुधारकांपाशी या प्रश्नांची धड उत्तरे नव्हती.

नऊ वर्षांनी उत्तरे तयार होती. १९८९ मध्ये न्यायालयीन विभक्ततेचा कायदा झाला होता. शिवाय सार्वमताआधीच, १९९५ मध्ये, डी रोसा यांच्या खात्याने समाजकल्याणाचा एक स्वतंत्र कायदा करून घेतला: घटस्फोट झाला म्हणून कोणाचेही सरकारी साहाय्य बुडणार नाही. जोडीदार आणि मुलांसाठी योग्य तरतूद झाल्याशिवाय घटस्फोट मंजूर होणार नाही, ही अटही थेट घटनेतच घातली गेली. डी रोसा स्वतः नास्तिक; पण त्यांनी चर्चशी धर्मशास्त्राचा वाद घालण्यापेक्षा पेन्शनचे कलम लिहून घेतले. (पुढे युरोपीय संसदेत पॅलेस्टिनी विधिमंडळाशी संबंध ठेवणाऱ्या शिष्टमंडळाचे अध्यक्ष म्हणूनही त्यांनी काम केले, हे आपल्या वाचकांना कळावे.)

१९८६ हे साल आपल्यालाही विसरता येत नाही. शाहबानो निकालानंतरचा कायदा त्याच वर्षीचा. घटस्फोटित स्त्रीला सांभाळण्याची जबाबदारी त्याने नातेवाइकांवर आणि ते असमर्थ असतील तर वक्फ मंडळावर टाकली. वक्फ मंडळाकडून दरमहा पैसे मिळणाऱ्या किती बायका आपल्या ओळखीच्या आहेत, हे वाचकांनीच आठवून पाहावे. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात स्त्रियांसह मोर्चा काढला, तेव्हापासून तोंडी तलाकबंदी ही आपली मागणी आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. तलाक रद्द झाला याचे आम्ही स्वागतच केले. पण निर्वाहभत्ता द्यायचा तो नवऱ्याने, आणि तोच तुरुंगात गेला तर घरात पीठ कोण आणणार, याचे उत्तर त्या कायद्यात नाही. कायद्याने ती बाई अजून विवाहित, प्रत्यक्षात मात्र टाकलेली. निराधार अनुदानाच्या अर्जाला ती कोणता कागद जोडणार?

कौटुंबिक कायद्यांवरची चर्चा पुन्हा तापली आहे. तिच्यात बाजू घेण्याआधी आपण राज्य सरकारकडे एवढे मागू या: नवऱ्याने सोडलेल्या स्त्रीला, न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत, तिच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर दरमहा साहाय्य मिळावे, आणि त्यासाठी अर्थसंकल्पात वेगळी तरतूद असावी.