स्मृती : पुरावा की मालमत्ता?

पानिपतच्या रणात सदाशिवरावभाऊंचे नेमके काय झाले याविषयी पुण्यात जी शंका पुढे कित्येक वर्षे रेंगाळत राहिली, तिचा फायदा घेऊन सुखलाल नावाच्या एका कनोजी ब्राह्मणाने आपणच भाऊसाहेब आहोत असा दावा मांडला, आणि रत्नागिरीच्या कैदेतून सुटून १७७६ साली कोकणचा बराचसा मुलूख काही काळ आपल्या अमलाखाली आणला, ही हकीकत न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे मराठी वाचकांना परिचयाची आहे. त्याच वर्षी त्याचा पाडाव होऊन पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. त्यातील राजकारण इतिहासकारांकडे सोपवून मला एका आनुषंगिक प्रश्नाकडे वळायचे आहे. बोटांच्या ठशांचे शास्त्र जेव्हा जन्मासही आले नव्हते, त्या काळी चेहऱ्यामोहऱ्याने मिळताजुळता मनुष्य समोर उभा राहून अमुक तो मीच असे म्हणू लागला, तर चौकशी करणाऱ्याने त्याला विचारायचे तरी काय? अमुक मसलतीस कोण हजर होते, खाजगीत कोणते बोलणे झाले, निघताना कोणाला काय सांगितले, हेच. ओळख पटविण्याच्या कामी स्मृती हा उत्तम पुरावा आहे यात वाद नाही. परंतु पुरावा म्हणून जिची मातब्बरी, तिलाच माणसाचे सत्त्व समजण्याची जी चूक आपण विद्वान-अविद्वान सारेच करीत आलो आहोत, तिची किंमत आज घरोघरी वृद्ध माणसे मोजीत आहेत.

या समजुतीला तत्त्वज्ञानात मानाचे आसन दिले ते इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने. मानवी आकलनावरील आपल्या प्रबंधाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने तादात्म्यावर एक स्वतंत्र प्रकरण घातले, आणि आपली जाणीव भूतकाळात जिथवर पोचते तिथवरच आपण ‘तेच’ असतो असे प्रतिपादिले. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात शिरली तर तो देह चांभाराचा असूनही व्यक्ती राजपुत्राचीच मानावी लागेल, हे त्याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. लॉकची दृष्टी, हे लक्षात ठेवले पाहिजे, मुख्यतः न्यायासनाची होती: कोणत्या कृत्याचा जाब कोणाला विचारावा, ही त्याची विवंचना होती, आणि तेवढ्यापुरता त्याचा सिद्धान्त पुष्कळ कामाचा आहे. थॉमस रीडने १७८५ साली त्यातील तर्कदोष दाखवून दिला. लहानपणी मार खाल्लेला मुलगा तरुणपणी लढाईत निशाण जिंकतो आणि उतारवयात सेनापती होतो. सेनापतीला निशाण आठवते, तरुण अधिकाऱ्याला मार आठवत होता, परंतु सेनापती तो मार साफ विसरला आहे, तर लॉकच्या न्यायाने सेनापती एकाच वेळी तो मुलगा आहेही आणि नाहीही! मुळात ‘मी’ नावाची वस्तूच नाही, आहे तो केवळ संवेदनांचा जुडगा, असे म्हणणारा ह्यूम, आणि त्याच्याही कित्येक शतके आधी मिलिंद राजाला रथाचे अवयव एकेक करून दाखविणारा भिक्षू नागसेन यांचे म्हणणे अधिक खोल आहे. परंतु माझा आजचा प्रश्न तितका खोल नाही, तो व्यवहाराचा आहे.

मानसशास्त्राने या वादात जी भर घातली ती रुग्णांच्या द्वारे. १९८१ साली कॅनडात मोटारसायकलच्या अपघातात मेंदूला जबर दुखापत झालेला एक तरुण शास्त्रीय वाङ्मयात के. सी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याची बुद्धी शाबूत होती, बुद्धिबळ त्याला खेळता येत होते, जगाविषयीचे सामान्य ज्ञान टिकून होते. परंतु स्वतःच्या आयुष्यात घडलेला एकही प्रसंग ‘हा माझ्यावर गुदरला’ अशा रीतीने त्याला आठवत नसे. आपला भाऊ वारला ही वस्तुस्थिती त्याला माहीत होती, पण ती वार्ता आपण केव्हा, कोठे ऐकली, हे सांगता येत नव्हते. भूतकाळाबरोबर भविष्यकाळही गेला होता, कारण उद्या काय करणार असे विचारले असता त्याच्या मनात केवळ कोरी पोकळी उभी राही. लॉकचा निकष लावला तर या तरुणाचा ‘मी’ अपघाताच्या क्षणीच संपला म्हणावे लागेल. एन्डेल टल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञाने मात्र एक साधी परीक्षा घेतली. अपघातापूर्वी साहसी आणि चारचौघांत रमणारा हा मनुष्य नंतर शांत, अबोल झाला होता. टल्व्हिंगने त्याला स्वतःचे स्वभावगुण वर्णन करण्यास सांगितले आणि तेच काम त्याच्या आईकडेही सोपविले. मुलाने स्वतःचे जे चित्र रेखाटले ते आईने त्याच्या आजच्या स्वभावाचे रेखाटलेल्या चित्राशी जुळले, अपघातापूर्वीच्या नव्हे! अपघातानंतरचा एकही दिवस ज्याच्या स्मरणात नाही, त्याने आपण आता कोण झालो आहोत हे मात्र कोठून तरी शिकून घेतले होते, आणि या एका निष्कर्षाने मला लॉकवरील अनेक ग्रंथांपेक्षा अधिक शिकविले. खरेदीखत गहाळ झाले म्हणून शेत जात नाही. नांगरणारा नांगरीत असतो, बांध जागच्या जागी असतात, आणि शेजारपाजारच्यांना हे शेत कोणाचे ते ठाऊक असते.

शेजारपाजारच्यांचा उल्लेख मी हेतुतः केला. विल्यम जेम्सने १८९० साली म्हटले होते की जितके लोक आपल्याला ओळखतात तितके आपले सामाजिक ‘मी’ असतात, आणि ती ओळख ज्यांच्या मनात वसते त्यांच्याकडे आपल्या अस्तित्वाचा काही हिस्सा अमानत ठेवलेला असतो, असे त्यावरून म्हणता येईल. २०१५ साली नीना स्ट्रोहमिंगर आणि शॉन निकोल्स यांनी मेंदूच्या निरनिराळ्या व्याधींनी ग्रासलेल्या रुग्णांच्या आप्तांना, ‘आपले माणूस आता तेच राहिले आहे का’, असे विचारले, तेव्हा स्मृती गेल्याने ही भावना फारशी ढळत नाही, मात्र नीती आणि वृत्ती पालटली, दयाळू मनुष्य निष्ठुर झाला, तर ती पार ढासळते, असे आढळले. यावर आक्षेप निघेल की वृत्ती पालटणाऱ्या रुग्णाला तरी परका म्हणण्याची मुभा या संशोधनाने मिळतेच. मला तसे वाटत नाही. त्या आप्तांनी दिलेली जबानी त्यांच्या दुःखाविषयी होती. रुग्णाचा हक्क कोणता आणि आपले कर्तव्य कोणते, हा निवाडा तिच्यावरून होत नाही, आणि जो निवाडा शास्त्राने दिलेलाच नाही तो त्याच्या नावे खपविणे हा शास्त्रावरही अन्याय आहे.

आपला कायदा मात्र अजून लॉकच्या पंगतीस बसलेला दिसतो. १८७२ च्या करार अधिनियमाच्या २०१ व्या कलमान्वये मुखत्यारनामा देणारा वेडा झाला की मुखत्यारी आपोआप संपते, आणि त्या कलमात मृत्यू व वेडेपणा एकाच ओळीत शेजारी शेजारी बसविलेले आहेत! म्हणजे आपल्या म्हातारपणी स्मृती जाईल हे ओळखून शहाणपणाने केलेला दस्तऐवज ऐन गरजेच्या वेळी रद्दी होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने पालकाला मर्यादित अधिकार देऊन, निर्णय त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच व्हावा असे घातले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपल्या उपचारांविषयी आधीच निर्देशपत्र लिहून ठेवण्याचा हक्क दिला. या दोन्ही सुधारणा स्तुत्य आहेत, तथापि निर्देशपत्रातून एक बिकट प्रश्न उभा राहतो. विधितत्त्वज्ञ रॉनल्ड ड्वॉर्किनने १९९३ साली असे प्रतिपादिले की बुद्धी शाबूत असताना माणसाने व्यक्त केलेली इच्छा, स्मृती गेल्यावरच्या त्याच्या आजच्या इच्छेहून श्रेष्ठ मानावी. पण ज्याने ‘उपचार लांबवू नयेत’ असे लिहून ठेवले होते, तो आता अंगणात बसून रोज सकाळी ऊन अंगावर घेत मजेत दिवस काढीत असेल, तर त्या कागदाला त्याच्या हसण्यापेक्षा वजन का द्यावे? इस्टेटीच्या बाबतीत कागद, देहाच्या सुखदुःखाच्या बाबतीत समोरचा मनुष्य, असा भेद मी करीन. त्यात तर्काची काटेकोर शिस्त नसेल, पण माणुसकीची आहे.

इस्टेटीचा हा कागद गरजेच्या वेळी टिकावा यासाठी करार अधिनियमात दुरुस्ती होणे अगत्याचे आहे. इंग्लंडने २००५ च्या कायद्याने बुद्धी क्षीण झाल्यावरही टिकणारी मुखत्यारी मान्य केली. आपणही ती द्यावी, परंतु मुखत्याराने दरसाल जिल्हा न्यायालयात हिशेब दाखल करावा आणि रुग्णाशी बोलून काय ठरविले हे त्यात लिहावे, अशी अट घालून. बँकेच्या खिडकीशी आजोबा समोर बसलेले असताना कारकुनाने मुलाकडे पाहून ‘यांना काय हवंय?’ असे विचारण्याची जी रीत पडून गेली आहे, तिच्यासाठी मात्र कोणताही अधिनियम लागत नाही. प्रश्न आजोबांना विचारावा, उत्तराला वेळ लागला तर थांबावे, आणि ते चुकले तर मुलाने सावकाश आठवण करून द्यावी.