जपानची मोठी माणसे आणि आपले पाचट



जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटारसायकल येते, घड्याळ येते, बुलेट ट्रेन येते. तिथल्या मोठ्या माणसांची नावे विचारली तर होंडा, सुझुकी, टोयोटा एवढे कोणीही सांगेल. ही मुळात माणसांचीच नावे, कंपन्यांची नंतर झाली. सोइचिरो होंडा लोहाराचे पोर, साकिची टोयोडा सुताराचे. हाताला काळे लागू देणारी ही माणसे मोठी झाली, यात वाद नाही. पण शेतकऱ्याने गाठीशी बांधावीत अशी जपानी नावे आमच्या मते निराळीच आहेत, आणि ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

तसा आपल्या विदर्भाला जपानी माणूस परका नाही. निचिदात्सु फुजी, म्हणजे फुजी गुरुजी, १९३३ साली वर्ध्याला गांधीजींकडे आले. त्यांचा मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत जाऊन बसला. १९३५ साली जपानात जन्मलेले भदंत सुरेई ससाई नागपूरचेच झाले, भारताचे नागरिकही झाले. धर्माच्या वाटेने आलेली ही माणसे आपण ओळखतो. बियाण्याच्या आणि पेंढ्याच्या वाटेने आलेली मात्र ओळखत नाही.

पहिले नाव योकोई तोकियोशी. आपल्या जिल्ह्यात पऱ्हे टाकण्याआधी धानाचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतात. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. पोचट दाणा तरंगतो, भरीव दाणा तळाशी बसतो. तरंगते काढून टाकायचे, तळचे साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. बियाणे मिठाच्या पाण्यातून निवडण्याची ही रीत योकोई यांनी १८८२ साली बसविली. पुढे १९५३ च्या सुमारास भारतभर जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम निघाली. तिचा जोरदार पुरस्कार करणारे कृषिमंत्री आपलेच, डॉ. पंजाबराव देशमुख. ओळीत रोवणी, कमी बियाणे आणि मिठाचे पाणी ही सारी त्या मोहिमेतली शिकवण.

दुसरे नाव गोंजिरो इनाझुका. शेतकऱ्याचा मुलगा. त्यांनी १९३५ साली नोरिन १० नावाचा बुटका गहू तयार केला. युद्धानंतर १९४६ साली ते बी अमेरिकेत गेले, तिथून मेक्सिकोत बोरलॉग यांच्या हाती पडले, आणि १९६० च्या दशकात मेक्सिकन गहू म्हणून आपल्या वावरात उतरले. खत दिले तरी लोळत नाही, हा गुण त्या बुटक्या बियाण्याचा.

तिसरे नाव मासानोबू फुकुओका, आणि आमचे आजचे म्हणणे त्यांच्यापाशीच येते. १९१३ चा जन्म, शिक्षण वनस्पतिरोगांचे. योकोहामाला सरकारी नोकरी होती, ती सोडून १९३८ साली गावी आले. धानाच्या बांधीत त्यांनी नांगर घातला नाही. पीक कापले की सगळा पेंढा जसाच्या तसा पुन्हा त्याच बांधीत पसरायचा, आणि तो कुजावा म्हणून वर थोडे कोंबडीखत. १९७५ साली यावर त्यांनी पुस्तक लिहिले, ते जगभर गेले. १९८८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण सुरुवातीला वडिलांच्या संत्र्याच्या बागेत त्यांनी छाटणीच थांबविली, तेव्हा झाडे वाळली. काहीच न करणे आणि निसर्गाच्या कलाने करणे यात फरक आहे, हे ते तिथे शिकले.

आता आपल्याकडे पाहू. धानाचे तणस आपण जाळत नाही, ते जनावरांच्या तोंडी जाते, हे बरोबरच आहे. उसाचे पाचट जनावर खात नाही, म्हणून आपण त्याला काडी लावतो. एकरी ३ ते ४ टन वाळलेले पाचट निघते. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र, म्हणजे १५ ते २० किलो, जवळपास युरियाच्या एका पोत्याइतके. पालाश एक टक्क्याच्या आसपास. राखेत पालाश राहतो, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातो. मिठाच्या पाण्यात एक एक दाणा निवडणारा शेतकरी पोतेभर नत्र आपल्या हाताने पेटवून देतो, हे आम्हाला पटत नाही.

सभासद म्हणतात, "साहेब, जपानवाल्याचं जपानात. आपलं वावर वेगळं, उंदीर होते, खोडवा फुटत नाही." भाऊ, आम्ही बिननांगराची शेती करा म्हणत नाही. ऊस खत मागतो, ते द्यावेच लागेल. फुकुओकांचा फक्त पेंढा घ्या. तोडणी झाली की बुडखे जमिनीलगत छाटा. पाचट सरीत दाबा, बुडख्यावर राहू देऊ नका, म्हणजे फुटवा अडत नाही. त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाका आणि पाणी द्या. "पाचटासाठी युरिया विकत घ्यायचा काय?" असेही विचारतात. कुजविणारे जिवाणू आधी नत्र खातात, मग परत देतात. तेवढ्यापुरते ते द्यावे लागते. फुकुओकाही कोंबडीखत याचसाठी टाकत. ज्यांचे वावर सखल आहे त्यांनी मात्र पावसाळ्याआधी चर काढून पाण्याला वाट करून द्यावी.

एप्रिल-मे महिन्यातले आपल्याकडचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. मोटारीची वीज केव्हा येईल याचा नेम नाही. अशा वेळी झाकलेली सरी ओल धरते आणि उघडी सरी भेगाळते. शिवाय आपण लावलेली आग धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या उभ्या उसात गेली तर नुकसान पैशात भरून निघते, शेजार नाही.

सगळे वावर एकदम नको. या हंगामात खोडवा ठेवणाऱ्या प्रत्येकाने निदान अर्धा एकर न जाळता ठेवावे. बाजूला जाळलेला अर्धा एकर असू द्या आणि मे महिन्यात दोन्हींची माती मुठीत घेऊन पाहा. जिवाणू हवे असतील तर आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाला तोडणीआधीच निरोप द्या. सरीत पाचट दाबायला आम्ही स्वतः बांधावर येऊ.