‘मी आलेच’चं इंग्रजी

माझी मावसबहीण बंगळूरला राजाजीनगरमध्ये राहते. लग्न होऊन मिरजेहून तिथे गेली, घर-मुलं सांभाळता सांभाळता कानडी शिकली आणि गेली सहा वर्षं घराजवळच्या एका बालवाडीत शिकवते. गेल्या वर्षी एका मोठ्या शाळेत जागा निघाली. तिने अर्ज लिहायला घेतला आणि पहिल्याच वाक्यावर अडली.

आधी तिने लिहिलं होतं, ‘आय ॲम टीचिंग इन अ नर्सरी स्कूल सिन्स सिक्स इयर्स.’ कुणीतरी सांगितलं, हे चूक आहे. बरोबर काय, ते मात्र सांगितलं नाही. मग चूक टाळायची म्हणून तिने सरळ साधा भूतकाळ घातला, ‘आय टॉट इन अ नर्सरी स्कूल फॉर सिक्स इयर्स.’ वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने अगदी निर्दोष. फक्त खोटं!

कारण या वाक्याचा अर्थ असा होतो, की सहा वर्षं शिकवलं आणि ते संपलं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, ‘ती नोकरी का सोडलीत?’ ही गोंधळली. म्हणाली, सोडलेली नाही. समोरच्या गृहस्थांनी अर्जाकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘देन व्हॉट आर यू डुइंग सिन्स दॅट टाइम?’ म्हणजे त्यांचाही काळ चुकलाच होता. पण टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाची चूक कोण काढणार? जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. ती केवळ एका क्रियापदामुळे गेली असं मी म्हणणार नाही. पण ‘अर्जात एक आणि तोंडी एक’ असा संशय त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर दिसला, हे बहिणीच्या मनातून अजून जात नाही.

तिला हवं होतं ते वाक्य असं: ‘आय हॅव बीन टीचिंग इन अ नर्सरी स्कूल फॉर सिक्स इयर्स.’ पूर्वी सुरू झालं आणि आजही चालू आहे, हे दोन्ही सांगायला इंग्रजीला एवढा लवाजमा लागतो. त्यातही ‘फॉर’ कालावधीसाठी आणि ‘सिन्स’ जिथून सुरुवात झाली त्या क्षणासाठी. ‘फॉर सिक्स इयर्स’, पण ‘सिन्स जून’.

आपल्याला हे जड जातं, कारण मराठीला याची गरजच पडत नाही. ‘मी सहा वर्षं शिकवते’ म्हटलं की झालं. बहिणीच्या शेजारणीही तेच करतात. कानडीत ‘नानु हत्तु वर्षदिंद इल्लि इद्देने’ म्हणतात, म्हणजे ‘मी दहा वर्षांपासून इथे आहे’. वर्तमानकाळच. हिंदीतही तसंच. त्यामुळे वाण्याच्या दुकानापासून बँकेपर्यंत सगळे एकच चूक करतात, सगळ्यांना सगळं समजतं आणि चूक आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ध्यानात येतं ते अर्ज लिहिताना.

गंमत म्हणजे या वस्तीला ज्यांचं नाव दिलं आहे, ते चक्रवर्ती राजगोपालाचारी राज्यकारभारात इंग्रजी राहावी म्हणून उतारवयात हिरिरीने भांडले होते. त्यांनी इंग्रजीत सांगितलेलं महाभारत ज्यांनी वाचलं असेल, त्यांना आठवेल की त्यातली वाक्यं किती साधी आणि सरळ आहेत. शिवाय या भागात मराठी माणूसही काही नवा नाही. 1946 मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना इथल्याच औद्योगिक वसाहतीत होता.

मागच्या महिन्यात मी बंगळूरला गेले, तेव्हा आम्ही दोघी कॉफीचे पेले घेऊन नवा अर्ज लिहायला बसलो. तिचं जुनं व्याकरणाचं पुस्तक मी चाळलं आणि मला वाटतं, दुखण्याचं मूळ तिथेच सापडलं. शाळेत आपण मराठीचे काळ शिकलो ते साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे. इंग्रजीच्या तासाला त्यांच्यासमोर सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट अशा जोड्या लावल्या. नावं जुळली, म्हणून वापरही जुळेल असं आपण धरून चाललो. तो जुळत नाही.

‘मी त्यांना काल पाहिलंय’ हे मराठीत चालतं. इंग्रजीत ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ मुळीच चालत नाही. ‘काल’ आला की ‘हॅव’ जायलाच हवा: ‘आय सॉ हिम यस्टर्डे.’ दिवस, तारीख, साल सांगितलं की गोष्ट संपली, दार बंद. बहिणीने ‘आय हॅव कम्प्लिटेड माय डिप्लोमा इन 2009’ लिहिलं होतं, तिथे आम्ही ‘हॅव’ खोडला. साल न देता नुसतं ‘आय हॅव कम्प्लिटेड माय डिप्लोमा’ लिहिलं असतं, तर ते बरोबर ठरलं असतं.

आपली आणखी एक खास मराठी चूक म्हणजे ‘हॅड’. ‘मी गेल्या आठवड्यात म्हैसूरला गेले होते’, म्हणून ‘आय हॅड गॉन टू म्हैसूर लास्ट वीक’. आपल्या ‘गेले होते’मध्ये जाऊन परत आल्याची सूचना असते. इंग्रजी ‘हॅड’ला मात्र भूतकाळातली दुसरी एखादी घटना सोबत लागते. ‘मी स्टेशनवर पोचण्याआधीच गाडी सुटली होती’, इथे ‘हॅड लेफ्ट’ शोभतं. म्हैसूरच्या सहलीला साधं ‘आय वेंट’ पुरे.

‘पाऊस आला तर’ हा तर आणखी मजेचा प्रकार. पाऊस अजून यायचा असतो आणि मराठीत क्रियापद भूतकाळी. इंग्रजीत तिथे वर्तमानकाळ, ‘इफ इट रेन्स’. आपण काय म्हणतो? ‘इफ इट विल रेन’!

आम्ही हे बोलत होतो तेवढ्यात खालून भाजीवाल्याने हाक मारली. बहीण उठता उठता ओरडली, ‘बंदे!’ कानडीत याचा शब्दशः अर्थ ‘आले’. आपणही ‘आलेच’ म्हणतोच की. पाय अजून घरात आणि क्रियापद जिन्याखाली पोचलेलं! तिचा धाकटा तिथेच अभ्यास करत होता. तो म्हणाला, ‘आई, इंग्लिशमध्ये आय केम म्हणू नकोस हं. आय ॲम कमिंग.’ त्या पोराला हे कुणी शिकवलं नव्हतं, कानावर पडून आलं होतं. वयाच्या पस्तिशीला कान तेवढे उघडे राहत नाहीत, म्हणून मग बिचारं व्याकरण कामी येतं.

भाजी घेऊन आल्यावर तिने प्रत्येक वाक्यापाशी थांबून स्वतःलाच विचारायला सुरुवात केली, ‘हे संपलंय की आजपर्यंत चालू आहे?’ मिरजेच्या शाळेतली दोन वर्षं संपली, तिथे ‘टॉट’. बालवाडी चालू आहे, तिथे ‘हॅव बीन टीचिंग’. पानभर अर्जाला दीड तास लागला. ‘आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन’ हे वाक्य मात्र तिने माझ्या मदतीशिवायच खोडलं आणि ‘आय हॅव’ केलं. मुलं काही आत्ता होत नाहीयेत, म्हणाली, झालीत!

अर्ज दुसऱ्याच दिवशी गेला. उत्तर अजून आलेलं नाही. या वाक्याला प्रेझेंट परफेक्ट लागतो, हे तिनेच मला फोनवर सांगितलं.