आया चालते, तिचं नाव चालत नाही

मराठीच्या तासाला ‘माझी आई’ हा निबंध दिला होता. एका मुलीने हळूच विचारलं, “टीचर, अम्मी का नाम कौनसा लिखूं? घरका की पुनेका?”

तिची आई टेंभुर्णीहून पुण्याला गेली आहे. एका बंगल्यात तान्हं मूल सांभाळते. काम मिळवून देणाऱ्या माणसाने आधीच बजावलं होतं, ‘मुसलमान नाव सांगू नका.’ म्हणून तिथे ती सीमा आहे. ईदची सुटी मागायची तर ‘गावाकडे सासू आजारी आहे’ म्हणते.

‘द नॅनी’ ही अमेरिकन विनोदी मालिका १९९३ ते १९९९ अशी सहा वर्षं सीबीएस वाहिनीवर चालली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली फ्रॅन फाइन एका श्रीमंत नाट्यनिर्मात्याची तीन मुलं सांभाळते. ती ज्यू आहे आणि ते लपवत नाही. नाकातला आवाज, बडबडी आई, म्हातारी आजी, घरचे सण या सगळ्यांसकट ती त्या दिवाणखान्यात वावरते. या पात्राला ज्यूऐवजी इटालियन करा, असा प्रायोजकांचा आग्रह होता आणि आपण नकार दिला, हे अभिनेत्री फ्रॅन ड्रेशर यांनी नंतर सांगितलं आहे. मालिका चालली. लोकांना ती बाई आवडली, तिच्या नावासकट.

आता आपल्याकडचा ‘चाची ४२०’ आठवा. साल १९९७. कमल हासन मुलीजवळ राहता यावं म्हणून नऊवारी नेसून लक्ष्मी गोडबोले होतो आणि श्रीमंत सासऱ्याच्या घरात आया म्हणून शिरतो. त्याच घरातला स्वयंपाकी खरं तर मुसलमान. नोकरीसाठी मुका ब्राह्मण बनून राहिलेला. मीही तेव्हा पोट धरून हसले होते. आज हसू येत नाही. तो विनोद नव्हता, ती नोकरीची अट होती.

कुणी म्हणेल, नावात काय आहे, पगार मिळतो ना? पगार मिळतो, पण पुरावा राहत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. नोंदणी आधारकार्डावरच्या नावाने होणार आणि बंगल्यात काम करणार सीमा! उद्या पगार बुडाला, चोरीचा आळ आला, तर भांडायचं कोणी? खोटं नाव सांगितलं हाच पहिला गुन्हा ठरायचा.

आणि आपणही फार सोवळे नाही. आपल्यातल्या खात्यापित्या घरांत गरीब नातेवाइकाची पोर ‘घरच्यासारखी’ म्हणून आणतात. पगाराऐवजी जुने कपडे देतात, शाळा सोडवतात. तिचं नाव कोणी बदलत नाही, कारण तिला नावाने हाकच मारत नाहीत. ‘ए छोकरी’ म्हणतात. हे कोणत्या दीनमध्ये बसतं?

ज्या बाईच्या कुशीत तुम्ही स्वतःचं लेकरू निर्धास्त देता, तिचं नाव तुम्हाला खपत नसेल तर खोट तिच्यात नाही. कामावर घ्या, पण खऱ्या नावाने घ्या. ईदची सुटी ईद म्हणून द्या.

मुलीला म्हटलं, “घरका लिख.” तिने लिहिलं, आणि मग विचारलं, “टीचर, ये पुने में तो कोई नहीं पढेगा ना?”