आपल्या बांधावरचे परके सागवान

वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात. आत शिरून वर पाहिले की अखंड कातळात कोरलेल्या लाकडी वाशांसारख्या फासळ्या दिसतात. दगडाच्या छताला त्या फासळ्यांची काहीही आवश्यकता नाही. पण कोरणाऱ्यांच्या मनात लाकडी वास्तूच घर करून होती. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या अस्सल लाकडी कमानी आजही टिकून आहेत. ज्या देशाने लाकडाला असा मान दिला, त्या देशातील छत्रपती संभाजीनगरात आज कोणी घराच्या चौकटीसाठी वखारीत गेला, तर त्याला काय विचारले जाते? 'सीपी' हवे की 'इम्पोर्टेड'?

'सीपी' म्हणजे इंग्रजांच्या मध्य प्रांताचे, अर्थात आपल्या चंद्रपूर-बल्लारशाकडील सागवान. प्रांत गेला, इंग्रज गेला, नाव मात्र वखारीत राहिले. 'इम्पोर्टेड' म्हणजे घाना, बेनिन, इक्वाडोर किंवा पनामाचे. साग हा मूळचा भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या देशांचा वृक्ष. इक्वाडोरमध्ये तो लागवडीने नेला गेला, आणि आता तेथील बहुतांश साग भारतच विकत घेतो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाच्या निर्यातीवर बंदी घातल्यावर ही आयात अधिकच दूरदेशी वळली. आपल्याच वृक्षाचे वंशज सातासमुद्रापलीकडून कांडला बंदरात उतरतात आणि आपण त्यांना परकीय चलन मोजून घरी आणतो. मग कन्नड, सोयगाव, सिल्लोडच्या शेतकऱ्याने बांधावर लावलेल्या सागाचे काय झाले?

त्याचे काय झाले हे समजून घेण्यासाठी तो विकायला निघालेल्या शेतकऱ्याच्या मागोमाग जावे लागेल. साग हा १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीतील वृक्ष आहे. स्वतःच्या शेतातील, स्वतः पाणी घालून वाढवलेले झाड तोडण्यापूर्वी परवानगी हवी. त्यासाठी मालकीचे कागद हवेत, पाहणी हवी. तोडल्यावर ओंडक्यांवर हातोड्याचा शिक्का हवा, आणि गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी वाहतूक परवाना हवा. मुलीच्या लग्नाला किंवा विहिरीच्या कामाला पैसा हवा असलेला माणूस या फेऱ्या कोठवर मारणार? तो ठेकेदाराला गाठतो. 'कागदपत्रांचे मी पाहतो' असे ठेकेदार म्हणतो आणि उभ्या झाडांचा उक्ता सौदा ठरतो. कागदाची धास्ती हेच त्या ठेकेदाराचे खरे भांडवल आहे.

त्यात मापाची मेख निराळीच. या व्यवसायात ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका या हिशेबाने दहा घनफूट भरतो. भूमितीने मोजला तर तोच ओंडका पावणेतेरा घनफुटांच्या जवळ जातो. म्हणजे शंभरातील सुमारे साडेएकवीस भाग मापातच वजा! कापताना तूट येते म्हणून ही पद्धत पडली, हे मान्य. घेणारा आणि विकणारा दोघेही ती जाणत असतील तर भाव त्याप्रमाणे ठरतो, त्यात लबाडी नाही. परंतु येथे एकालाच ती ठाऊक असते. आणि उक्त्या सौद्यात तर फीतही बाहेर निघत नाही. नजरेनेच निकाल लागतो.

ही शेतकऱ्याला संशयिताच्या पिंजऱ्यात उभे करणारी दृष्टी आली कोठून? इंग्रजांना जहाजांसाठी आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी लाकूड हवे होते. १८६५, १८७८ आणि १९२७ या वर्षांच्या वन कायद्यांनी वनांवर सरकारची मालकी पक्की केली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ला तो मुक्त झाला आणि पुढे त्याच्याही वाट्याला हाच वारसा आला. याच्या शेजारी 'आज्ञापत्र' ठेवून पाहावे. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी स्वराज्याची राजनीती त्यात नोंदवली. आरमाराला लाकूड हवे, पण अरण्यातील सागही परवानगीनेच तोडावा आणि अधिक लागल्यास बाहेरून विकत आणावे. रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले तर त्याच्या धन्याला राजी करून, पैसे देऊन ते घ्यावे. बळजोरी कदापि नको, असा त्याचा आशय आहे. तेथे बंधन राज्याच्या हातावर होते, रयतेच्या नव्हे! वृक्षरक्षण आणि रयतेचा मान या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे आपल्याला परक्यांकडून शिकावे लागत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गांभीर्याने घेतलाच पाहिजे. नियम सैल केले तर गौताळ्याच्या अभयारण्यातील साग शेतातला म्हणून विकला जाईल! मराठवाड्यात वन आधीच अत्यल्प. त्यातील एक झाडही चोराच्या हाती जाता कामा नये. परंतु आजच्या व्यवस्थेत चोर अडतो काय? चोर परवाना मागायला येतच नाही. रांगेत उभा राहतो तो प्रामाणिक माणूसच. उपाय आहे तो झाड लावतानाच नोंद करण्याचा. २०२१पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू आहे आणि तीत बांधावरची झाडेही नोंदवता येतात. लावल्यापासून दरवर्षी छायाचित्रासह ज्याची नोंद आहे, ते झाड कोणाचे हे तोडताना पुन्हा सिद्ध करण्याची गरज काय? नोंद नसलेले लाकूड मात्र कठोरपणे अडवा. २०२३च्या डिसेंबरमध्ये केंद्राने देशभरासाठी एकच वाहतूक परवाना प्रणाली आणली. जून २०२५मध्ये शेतजमिनीवरील वृक्षतोडीचे आदर्श नियमही दिले. पण आदर्श नियम म्हणजे कायदा नव्हे. ते गावपातळीवर उतरवणे हे राज्याचे कर्तव्य आहे.

आणि आपले कर्तव्य? अयोध्येच्या श्रीराम मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३मध्ये बल्लारशाचे सागवान वाजतगाजत निघाले, तेव्हा आपली मान अभिमानाने ताठ झाली. तोच आपण स्वतःच्या दारासाठी लाकूड घेताना पावती मागतो काय? ते कोठले, कोणत्या परवान्याचे, हे विचारतो काय? पावतीविना मिळालेल्या स्वस्त लाकडात आपणही वाटेकरी होतो, मग वनरक्षणाची भाषणे कशाला? कोवळ्या झाडात रसकाष्ठ अधिक आणि गाभा थोडा असतो. त्याला कीड लवकर लागते. म्हणूनच शेतातल्या सागाला नावे ठेवली जातात. पण घेराप्रमाणे रास्त दर मिळेल, विक्री सुकर होईल, अशी खात्री असती तर शेतकरी झाड आणखी दहा-पंधरा वर्षे राखून ठेवणार नाही काय?

किसान संघाच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी फीत घेऊन शेतकऱ्याला घेर मोजायला शिकवावे. ग्राहक पंचायतीने वखारीत मूळस्थान आणि माप दाखवणाऱ्या पावतीचा आग्रह धरावा. स्वदेशी ही केवळ साबण आणि शीतपेयांपुरती नाही. आपल्या उंबरठ्याचे लाकूड आपल्याच बांधावर, धन्याच्या संतोषाने वाढलेले असावे, एवढे तरी स्वतंत्र देशाला साधलेच पाहिजे.